मुलींच्या खाजगी कनिष्ठ शाळेचा अभ्यासक्रम : पुस्तिकेवरून नव्हे, वह्यांवरून

प्रवेशाच्या वेळी शाळेने आमच्या हाती दिलेली अभ्यासक्रमाची पुस्तिका ४८ गुळगुळीत पानांची आहे आणि माझ्या मुलीच्या चार वर्षांच्या वह्या दोन खोक्यांत जेमतेम मावतात. हे परीक्षण मी मुख्यतः त्या खोक्यांच्या आधारे लिहीत आहे. पुस्तिका खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु शाळेला काय शिकवायचे होते ते पुस्तिकेत असते, मुलीपर्यंत काय पोहोचले ते वहीत असते, आणि पालक शुल्क भरतात ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. शाळा खाजगी आहे, केवळ मुलींची आहे आणि वय वर्षे ७ ते ११ अशा चार वर्षांची आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे तिचे नाव मी लिहीत नाही. शिवाय अशा शाळेच्या शोधात असलेल्या पालकांना एका नावापेक्षा, अभ्यासक्रम वाचावा कसा, हे कळणे अधिक उपयोगाचे ठरेल असे मला वाटते.

वेळापत्रकापासून सुरुवात करते, कारण ध्येयवाक्ये कितीही उदात्त असली तरी शाळेचे मन तासिकांच्या वाटणीतच कळते. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या ३० तासिका होत्या : भाषेला ८, गणिताला ६, विज्ञानाला ३, इतिहास-भूगोलाला ३, शारीरिक शिक्षणाला ३, दुसरी भाषा, चित्रकला-हस्तकला आणि संगीत यांना प्रत्येकी २ आणि संगणकाला १. ही वाटणी वरवर पाहता कोणत्याही चांगल्या शाळेसारखीच आहे, पण तिच्यातील एक गोष्ट मला प्रथमपासून आवडली. विज्ञानाच्या तीनपैकी दोन तासिका सलग ठेवलेल्या होत्या. चाळीस मिनिटांत साहित्य मांडणे, प्रयोग करणे आणि आवरणे एवढेच होते. जे पाहिले त्याविषयी बोलणे राहून जाते. ज्या शाळेने हे ओळखून जोडतासिका दिली, तिथे प्रयोग खरोखर होत असणार असा अंदाज मी बांधला होता आणि तो बरोबर निघाला.

गणित हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना, म्हणजे तोच विषय दरवर्षी परत येतो पण प्रत्येक वेळी एक पायरी वर चढलेला असतो, ही कल्पना पुष्कळ शाळांच्या पुस्तिकांत असते. इथे ती वह्यांत सापडली. अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी मुलींच्या हाती कुझिनेर रंगीत कांड्या आल्या. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज कुझिनेर यांनी बनवलेल्या या कांड्यांत पांढरी कांडी १ सेंटिमीटरची, नारिंगी १० सेंटिमीटरची आणि मधल्या प्रत्येक लांबीला वेगळा रंग असतो. नारिंगी कांडी पूर्ण धरली की पिवळी तिच्या निम्मी होते, एवढेच त्या वर्षीच्या वहीत आहे, तेही रंगवलेल्या चित्रांत. दुसऱ्या वर्षी शिक्षिकेने पूर्ण बदलून टाकला : आता गडद हिरवी कांडी पूर्ण आहे, तर तीच पिवळी कांडी किती? उत्तर पाच-षष्ठांश. कांडी तीच असूनही तिचा अपूर्णांक बदलतो, कारण अपूर्णांक वस्तूत नसून दोन वस्तूंच्या नात्यात असतो, ही गोष्ट मला स्वतःला बऱ्याच मोठ्या वयात समजली होती. तिसऱ्या वर्षी कांड्यांची जागा संख्यारेषेने घेतली आणि चौथ्या वर्षी छेद समान करण्याची रीत आली. तोपर्यंत रीत ही मुलींच्या दृष्टीने काही नवीन जादू राहिलेली नव्हती. जे हातांनी अनेकदा केले होते ते कागदावर लवकर करण्याची ती एक सोय होती.

दुसऱ्या वर्षाच्या वहीतील एक पान मी जपून ठेवले आहे. त्यावर प्रश्न आहे : ८ + ४ = □ + ५. हा प्रश्न गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे, कारण प्राथमिक वर्गांतील असंख्य मुले चौकटीत १२ लिहितात आणि काही जण सर्वच संख्या मिळवून १७ लिहितात. बरोबर उत्तर ७ आहे. ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा नसून ‘दोन्ही बाजू समान आहेत’ असा आहे, हे न कळता मूल पुढे गेले, तर बीजगणिताच्या दारातच ते अडखळते. माझ्या मुलीनेही १२ लिहिले होते. तिथे लाल फुली नाही. शिक्षिकेने समासात एक छोटा तराजू काढला आहे आणि खाली लिहिले आहे, ‘दोन्ही पारड्यांत किती किती आहे ते मला सांग.’ त्याखाली मुलीच्या अक्षरात तीन प्रयत्न आहेत, त्यांपैकी दोन चुकलेले, आणि चौथ्या ओळीत ७. या वहीला शाळेत ‘कच्ची वही’ म्हणत. तिला गुण नसत, तिच्यातील खाडाखोडीला कोणी नावे ठेवत नसे आणि पालकसभेत शिक्षिका आधी तीच वही उघडत. ज्या अभ्यासक्रमात चुकण्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे, त्या अभ्यासक्रमाला माझ्या लेखी निम्मे गुण तिथेच मिळतात.

गणिताविषयी एकच तक्रार आहे, ती पाढ्यांच्या चाचणीची. पाढे पाठ असायलाच हवेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. गुणाकारासाठी दरवेळी बोटे मोजणाऱ्या मुलीचे लक्ष मूळ प्रश्नावर राहू शकत नाही. परंतु तिसऱ्या वर्षी दर शुक्रवारी घड्याळ लावून, सर्वांसमोर निकाल वाचून घेतली जाणारी चाचणी हा कच्च्या वहीच्या नेमका उलट धडा होता. चार दिवस शांतपणे विचार करायला शिकवायचे आणि पाचव्या दिवशी गणित म्हणजे वेग असे ठसवायचे, यातील विसंगती शाळेच्या लक्षात आली नसावी.

आता मुलींच्याच शाळेचा मुद्दा. पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की केवळ मुलींच्या वर्गात मुलींचा आत्मविश्वास वाढतो. या दाव्याकडे मी थोड्या सावधपणे पाहते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात २१ देशांतील १८४ अभ्यास आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी एकत्र पाहिले गेले. ज्या अभ्यासांत घरची परिस्थिती आणि प्रवेशाची निवड यांचा नीट हिशेब ठेवला होता, त्यांत एकलिंगी आणि सहशिक्षण शाळांमध्ये नाव घेण्याजोगा फरक फारसा उरला नाही. म्हणजे मुलगे वर्गाबाहेर ठेवले की आपोआप काही घडते असे नाही. दुसरीकडे, २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाच वर्षांच्या मुली ‘खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारखीच एखादी स्त्री निवडतात, पण सहा-सात वर्षांच्या होताच ते प्रमाण घटते आणि ‘फार हुशार मुलांसाठी’ म्हणून दाखवलेल्या खेळातील त्यांचा रसही कमी होतो. कनिष्ठ शाळेत मुलगी पाऊल टाकते ती नेमकी या वळणानंतर. तेव्हा मुलींच्या शाळेला विचारायचा प्रश्न असा की, मुलगी सात वर्षांची होऊन तुमच्याकडे येते तेव्हा हा समज तिच्या मनात शिरलेला असणार. तुमचा अभ्यासक्रम त्याचे काय करतो? भिंतीवर ‘मुली काहीही करू शकतात’ असा फलक लावणे हे त्याचे उत्तर नव्हे.

या शाळेने विज्ञानात त्याचे चांगले उत्तर दिले आहे. पहिल्या वर्षीच्या पहिल्या आठवड्यात मुलींना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले गेले. ही चाचणी जुनी आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड चेंबर्स यांच्या अभ्यासात ४,८०७ मुलांपैकी केवळ २८ जणींनी स्त्री शास्त्रज्ञ काढली होती. पुढच्या दशकांत ते प्रमाण बरेच वाढले, पण वयाबरोबर पुरुषांची चित्रे वाढत जाणे काही थांबलेले नाही. माझ्या मुलीने पांढऱ्या डगल्यातला, केस पिंजारलेला म्हातारा काढला. शिक्षिकेने त्यावर भाषण दिले नाही. चित्रे कपाटात ठेवली, वर्षभर प्रयोग करून घेतले आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा चित्र काढायला सांगून दोन्ही शेजारी शेजारी चिकटवली. दुसऱ्या चित्रात एक मुलगी ओंजळीत बिया घेऊन उभी आहे आणि तिच्या गुडघ्याला चिखल लागलेला आहे. तो चिखल कुणी सुचवला असेल असे मला वाटत नाही.

प्रयोगांची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. बी उजेडात आणि अंधारात पेरून पाहायचे. बहुतेक मुली अंधारातले बी उगवणार नाही असा अंदाज लिहितात, आणि ते उगवते, केवळ पिवळट आणि लांबुडके. रुजण्यासाठी लागणारे अन्न बीमध्येच असते, उजेडाची गरज नंतर लागते, हे कळण्याआधी मुलीचा एक ठाम समज मोडतो आणि म्हणून ते लक्षात राहते. सावलीची लांबी दर तासाला मोजणे, मीठ विरघळवून पुन्हा मिळवणे, एक विजेरी (सेल), एक तार आणि एक छोटा दिवा यांतून दिवा पेटवण्याचे सर्व मार्ग शोधणे, असे हे प्रयोग असत. नियम दोनच होते, पण दोन्ही मोलाचे. पहिला, अंदाज प्रयोगापूर्वी शाईने लिहायचा आणि तो नंतर खोडायचा नाही. चुकला तर खाली ‘का चुकला’ ते लिहायचे. दुसरा, चौघींच्या गटात कामे पत्त्यांवर लिहून ठेवलेली असत आणि ती दर वेळी फिरत : एकीने साहित्य हाताळायचे, एकीने मोजायचे, एकीने नोंद करायची, एकीने शंका काढायच्या. हा दुसरा नियम क्षुल्लक वाटेल, परंतु गट स्वतःवर सोपवला की ज्या मुलीचे अक्षर सुरेख तिच्याकडे लेखणी जाते आणि वर्षभर तिच्याकडेच राहते. ती सुंदर नोंदी करते आणि तारेला कधी हात लावत नाही. वर्गात मुलगे नसले म्हणून ही वाटणी टळत नाही. ती टाळावी लागते.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार सुरू होते, कारण विज्ञानाच्या वर्गात जे शाळेला उमगले ते भाषेच्या वर्गात पोहोचेपर्यंत ती विसरून जाते.

वाचनाबद्दल प्रथम चांगले सांगते. वाचन म्हणजे अक्षरओळख गुणिले भाषेची समज, असे एक साधे सूत्र गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले होते. त्यातली खुबी गुणाकारात आहे : दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही मोठे असले तरी हाती शून्यच येते. शाळेने पहिल्या वर्षी अक्षर-ध्वनींची उरलीसुरली कच्ची बाजू नेटाने पक्की केली आणि नंतरचा भर शब्दसंग्रह व सामान्यज्ञान यांवर दिला. ज्वालामुखी, नद्या, मधमाश्या यांवरचे उतारे भूगोल-विज्ञानाच्या धड्यांशी जुळवून लावले होते, त्यामुळे उतारा वाचताना मुलींना त्या विषयाची आधीच थोडी माहिती असे. रोज पंधरा मिनिटे शिक्षिका मोठ्याने वाचून दाखवत, तेही चौथ्या वर्षापर्यंत. मोठ्या मुलींना वाचून दाखवण्याची लाज न बाळगणाऱ्या शाळा मी फार पाहिलेल्या नाहीत.

लेखन मात्र पक्क्या वहीत बसले. निबंधाला २० गुण, त्यांतील ५ नीटनेटकेपणाला. निबंध प्रथम कच्चा लिहायचा अशी सूचना पुस्तिकेत आहे, पण कच्च्या खर्ड्यावर शिक्षिका केवळ शुद्धलेखनाच्या चुका दाखवत आणि मुली त्या सुधारून तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. विचार बदलला, परिच्छेद हलवला, सुरुवात टाकून दिली, असे एकही उदाहरण मला चार वर्षांत सापडले नाही. मी शेरे मोजले. चार वर्षांच्या भाषेच्या वह्यांत ‘अक्षर सुंदर’ किंवा त्याच अर्थाचा शेरा ३१ वेळा आहे. मजकुरात काय म्हटले आहे त्यावरचा शेरा ६ वेळा आहे आणि त्यांपैकी दोन ‘छान कल्पना!’ एवढेच आहेत.

याचा परिणाम काय होतो तेही वह्यांत दिसते. दुसऱ्या वर्षी माझी मुलगी ‘ऊन इतके कडक होते की कावळाही वैतागला’ असे लिहीत होती आणि ‘वैतागला’ मधली मात्रा चुकवत होती. तिसऱ्या वर्षाच्या मध्यापासून तिच्या निबंधांत ऊन ‘खूप’ असते, पाऊस ‘खूप’ असतो आणि सहल ‘छान’ होते. एकही मात्रा चुकत नाही आणि गुण १७ च्या खाली येत नाहीत. मी विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले की जो शब्द लिहिता येईल याची खात्री नाही तो ती वापरत नाही, कारण खोडले की पान खराब दिसते. जी मुलगी विज्ञानात चुकलेला अंदाज शाईने लिहून त्याखाली कारण लिहीत होती, तीच दोन तासिकांनंतर दुसऱ्या वहीत चुकू नये म्हणून लहान होत होती. नीटनेटकेपणा हा गुणच आहे. पण मुलींच्या बाबतीत त्याचे कौतुक घरी, शेजारी, नातेवाइकांत आधीच भरपूर झालेले असते, आणि त्यासाठी आणखी पाच गुण राखून ठेवण्याची गरज मुलींच्या शाळेला तरी वाटायला नको होती. मुलग्यांच्या शाळेत हेच पाच गुण कदाचित उपकारक ठरले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, तो इथे लिहून ठेवते.

इतिहास-भूगोल प्रकल्पांतून शिकवला जातो. सहा-सहा आठवड्यांचा एक विषय, त्यात सर्व काही गुंफायचे, शेवटी प्रदर्शन. पद्धत वाईट नाही, पण प्रदर्शनाची तारीख जवळ येताच शिकणे थांबते आणि सजावट सुरू होते. प्राचीन इजिप्तच्या प्रकल्पात आमच्या घरी तीन संध्याकाळी पुठ्ठ्याचा पिरॅमिड झाला. तो बहुतांशी मीच केला हे कबूल केले पाहिजे. नाईलच्या पुरामुळे शेतीचे वेळापत्रक कसे ठरत असे, यावर मात्र वहीत दोनच ओळी आहेत.

प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी ‘थोर स्त्रिया’ नावाची एक चौकट असते. त्यामागचा हेतू मला मान्य आहे, मांडणी नाही. मेरी क्युरी यांच्या चौकटीत त्यांचे कष्ट, गरिबी आणि त्याग आहे, १९०३ आणि १९११ ही नोबेलची दोन वर्षे आहेत, पण त्यांनी नेमके काय मोजले आणि ते मोजणे अवघड का होते, याचा एक शब्द नाही. वाचणाऱ्या मुलीच्या मनावर ठसते ते असे की स्त्रीने खूप सोसले की तिला पारितोषिक मिळते. याच अभ्यासक्रमात याचे उत्तम प्रत्युत्तर दडलेले आहे आणि ते चौकटीत नाही. तिसऱ्या वर्षी खडक आणि जीवाश्मांच्या धड्यात जीवाश्म शोधणारी इंग्लंडमधील मेरी अॅनिंग येते, कारण १८२३ मध्ये तिने कड्यातून प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा खोदून काढला आणि तो सांगाडा समजावून घेतल्याशिवाय धडा पुढे सरकतच नाही. मुलींनी ओल्या मातीत शिंपले दाबले, थरावर थर चढवले, वाळवले आणि ब्रशने उकरून काढले. अॅनिंग स्त्री होती, गरीब होती आणि तिच्या कामाचे श्रेय अनेकदा इतरांनी घेतले, हे मग चर्चेत आपोआप आले आणि त्यावर माझी मुलगी घरी येऊन भांडल्यासारखी बोलली. जिच्या कामात आपले हात माखले, तिच्यावरील अन्यायाचा राग येतो. चौकटीतील स्त्रीबद्दल आदर वाटतो आणि पान उलटते.

उरलेल्या विषयांविषयी थोडक्यात. संगीत चांगले आहे. सर्वांना स्वरलेखन वाचता येते आणि समूहगान केवळ निवडक मुलींचे नाही. चित्रकला सामान्य आहे. संगणकाच्या एका तासिकेत २००७ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनावर मुली खेळ बनवतात, त्यात चूक शोधून दुरुस्त करण्याला प्रतिष्ठा आहे, म्हणून तो तास माझ्या मते कच्च्या वहीच्या घराण्यातला. दुसऱ्या भाषेचा विषय मात्र चार वर्षे रंग, आकडे आणि अभिवादन यांच्याभोवती फिरला. गणित जिन्यासारखे वर चढते, हा विषय पाळण्यासारखा गोल फिरून जिथल्या तिथे उतरवतो. आठवड्याला दोन तासिकांत यापेक्षा अधिक होणे कठीण असेल, तर तसे पुस्तिकेत प्रामाणिकपणे लिहावे.

शारीरिक शिक्षणाचा हिशेब सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. शाळेच्या तीन तासिका म्हणजे १२० मिनिटे, त्यातील कपडे बदलणे आणि रांगा लावणे वजा करायचे. उरलेली जबाबदारी घराची आहे हे मी समजू शकते. न समजणारी गोष्ट अशी की वार्षिक समारंभाच्या आधी पाच-सहा आठवडे याच तासिका नृत्याच्या तालमीला दिल्या जात, आणि तालमीत निम्म्या मुली आपली पाळी येईपर्यंत बसून असत. चेंडू जोरात फेकणे, पळत झेलणे, पडणे आणि उठणे, यांचा सराव या वयात सुटला की पुढे मुलगी मैदानाच्या कडेला उभी राहायला शिकते.

आरोग्यशिक्षणाविषयी मला थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मुलींच्या शाळेने किमान इथे तरी कुणापेक्षाही पुढे असावे अशी अपेक्षा असते. मुलींच्या शरीरात वयात येण्याचे बदल साधारणपणे ८ ते १३ या वयात सुरू होतात. पाळीविषयीचा धडा अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, म्हणजे बहुतेक मुली अकराच्या घरात असताना ठेवलेला आहे. धडा स्वतः उत्कृष्ट आहे : अवयवांची खरी नावे, आकृत्या, पॅड कसे वापरावे आणि कुठे टाकावे याचे प्रात्यक्षिक, नावाविना प्रश्न टाकण्याची पेटी आणि त्या पेटीतील प्रत्येक प्रश्नाला न लाजता दिलेले उत्तर. परंतु तो होईपर्यंत माझ्या मुलीच्या वर्गातील किमान दोघींना पाळी सुरू झालेली होती, आणि त्यांपैकी एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात पाऊण तास बसून राहिली, कारण आपल्याला काहीतरी दुखापत झाली आहे असे तिला वाटले. मी पालकसभेत हा धडा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आणण्याची विनंती केली. ‘इतक्या लवकर काही पालकांना रुचणार नाही’ असे उत्तर मिळाले. शरीर पालकांची रुची विचारत नाही, हे मी तिथे बोलले नाही, घरी येऊन बोलले.

गृहपाठाबाबत शाळेचे धोरण समंजस आहे. प्राथमिक वयात गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध फार क्षीण असतो, हे हॅरिस कूपर यांच्या २००६ च्या आढाव्यासह अनेक ठिकाणी दिसून आले आहे. शाळा रोज वीस मिनिटांचे वाचन आणि आठवड्यातून दोनदा थोडे गणित यापलीकडे जात नाही आणि काही पालकांनी अधिक गृहपाठाची मागणी केली तरी ती बधली नाही. प्रगतिपुस्तकात वर्गातील क्रमांक नसतो. त्याऐवजी प्रत्येक विषयात ‘स्वतः करते’, ‘मदतीने करते’, ‘अजून शिकते आहे’ अशा तीन नोंदी असतात, आणि या नोंदी वह्यांशी जुळतात का हे मी पडताळून पाहिले; गणित आणि विज्ञानात जुळतात, भाषेत नाही. लेखनासमोर चारही वर्षे ‘स्वतः करते’ अशी नोंद आहे.

अशा शाळेचा विचार करणाऱ्यांनी भेटीच्या दिवशी प्रदर्शनाच्या भिंती पाहण्यात वेळ घालवू नये. तिसऱ्या वर्षातील कोणत्याही तीन मुलींच्या गणिताच्या, विज्ञानाच्या आणि निबंधाच्या वह्या मागाव्यात, त्यातही ज्यांची वही शाळेला दाखवावीशी वाटत नाही अशा एकीची जरूर मागावी, आणि खाडाखोड कुठे आहे ते पाहावे. एकाच विषयाचे पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे धडे शेजारी ठेवून काय वर चढले ते विचारावे. आरोग्याचा धडा कोणत्या वर्षी आहे ते विचारायला संकोच करू नये.

धाकटीचा प्रवेश आम्ही याच शाळेत घेतला आहे. निबंधाच्या पाच गुणांबद्दल मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिले होते, सोबत मोजलेल्या शेऱ्यांचा तक्ता आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या दोन निबंधांच्या प्रती जोडल्या होत्या. उत्तर यायला तीन आठवडे लागले. येत्या वर्षापासून पहिल्या दोन वर्षांत हे गुण काढून टाकले जातील आणि भाषेलाही कच्ची वही सुरू होईल, असे त्यात आहे. तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा विचार नंतर होईल. पाळीच्या धड्याबद्दल पत्रात काहीच नाही, म्हणून धाकटीला तो आम्ही घरीच शिकवला. थोरलीने खोक्यांतल्या वह्यांमधून आपली आरोग्याची वही काढली आणि आकृत्या तिनेच समजावून सांगितल्या.